आवाज बंद, दोष चालू

दोष दूर करणे आणि दोष ऐकू येईनासा करणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कुणीही मान्य करील. पण व्यवहारात आपण पहिलीच्या नावाखाली दुसरी किती सहज करून जातो! घरात कुणी कुरकुरले की 'आता पुरे' म्हणून त्याला गप्प बसवायचे आणि शांतता झाली की प्रश्न मिटला असे समजायचे, ही आपली जुनी रीत. या रीतीत नेमके काय चुकते, याचा उलगडा मला एका जुन्या व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरने करून दिला.

हा अॅम्प्लिफायर वडिलांनी बेळगावातल्या एका कारागिराकडून बांधून घेतलेला. आराखडा इंग्लंडच्या मुलार्ड कंपनीने 1954 साली प्रसिद्ध केलेल्या 'फाइव्ह-टेन'चा, म्हणजे पाच व्हॉल्व्ह आणि दहा वॅट. एक ईएफ 86, एक ईसीसी 83, शेवटी ईएल 84 ची जोडी आणि वीजपुरवठ्यासाठी ईझेड 81. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व आणि धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर आमच्या घरात आले ते याच पेटीतून. पुढे ती कित्येक वर्षे माळ्यावर पडून राहिली. भाचीला गाण्याची ओढ लागली, तेव्हा तिला द्यावी म्हणून खाली काढली. चालू करताच घूं असा नाद, मग खरखर, मध्येच एक ठप्प आणि मिनिटभराने सारे शांत होऊन गाणे स्वच्छ!

एका दुरुस्तीवाल्याने तोडगा सुचवला तो सोपा होता. एक रिले बसवायचा. पहिले मिनिटभर तो स्पीकर तोडून त्याच्या जागी एक रेझिस्टन्स जोडून ठेवील, मग स्पीकर जोडील. खरखर होईल, पण ऐकू येणार नाही. खर्च थोडा आणि काम तासाभराचे.

दुसरे मेकॅनिक कन्नड बोलणारे, वयस्क. त्यांनी पेटी चालू केली आणि मी काही विचारणार तोच म्हणाले, "स्वल्प ताळ्री, सर." जरा थांबा. आपल्या भागात 'ताळिदवनु बाळियानु' ही म्हण मराठी घरांतही ठाऊक असते. जो सोसतो, धीर धरतो, तो तरतो. ते नुसते ऐकत राहिले. कुठला आवाज कितव्या सेकंदाला येतो आणि केव्हा जातो, यातच त्यांचे अर्धे निदान होते.

व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो, त्याआधी तो बोलत नाही. तेव्हा बटण दाबताच येणारी घूं व्हॉल्व्हची नव्हे. ती ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्यांची, स्पीकरमधून नव्हे तर पेटीतूनच येणारी. तो त्याचा स्वभाव. पुढे स्पीकरमधून येणारी गुणगुण फिल्टरच्या कंडेन्सरांची. ते वर्षानुवर्षे पडून राहिले की त्यांच्या आतला ऑक्साइडचा पातळ थर दुबळा होतो. वीज मिळाली की तो थोडाफार सावरतो, म्हणून गुणगुण उतरते. पण आतून सुकलेला कंडेन्सर बदलावाच लागतो. हे वय. राहिली खरखर. वीज बंद करून, कंडेन्सरांत साठलेला दाब उतरवून, त्यांनी पुढून एकेक व्हॉल्व्ह काढून पाहिला. ईसीसी 83 च्या पिना काळवंडल्या होत्या. त्या साफ केल्यावर निम्मी खरखर गेली.

उरलेल्या निम्मीचा माग काढताना खरा चोर सापडला. ईएल 84 च्या आधीचा कंडेन्सर गाणे पुढे जाऊ देतो आणि मागच्या टप्प्यातला शे-दोनशे व्होल्टांचा दाब अडवून धरतो. तो गळू लागला होता. जिथे मीटरवर जवळजवळ शून्य दिसायला हवे, तिथे काटा वर चढत होता. असे झाले की शेवटचा व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, लालबुंद होतो आणि एखाद्या दिवशी ट्रान्सफॉर्मरही जाळतो. ही खरखर तक्रार नव्हती, ताकीद होती.

स्वभाव, वय आणि ताकीद हे तीन वेगवेगळे आवाज आहेत. पहिल्याला सांभाळून घ्यायचे असते, दुसऱ्याला मदत करायची असते आणि तिसऱ्याचे ऐकायचे असते. रिले दुसऱ्याचे आणि तिसऱ्याचे तोंड एकाच वेळी बंद करतो. आपल्या सीमाभागातल्या घरांत तर दोन भाषा नांदतात. दुसऱ्या भाषेतले गाऱ्हाणे कानाला आधी नुसती खरखर वाटते. म्हाताऱ्या माणसाचे, नव्या सुनेचे, कामाच्या बाईचे बोलणे आपण याच खात्यात टाकतो.

मग घरच्यांनी सदैव कटकट ऐकतच राहायची काय? तसे मी म्हणणार नाही. दोष तपासून झाल्यावर, उरलेला आवाज निरुपद्रवी आहे अशी खात्री पटल्यावर कुणी रिले बसवला तर ती केवळ सोय. कसोटी माझ्या मते ही, की शांतता कुणाला मिळते आणि तिची किंमत कोण मोजतो? दोघेही एकच असतील तर तो ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. पण शांतता मला आणि जळका ट्रान्सफॉर्मर भाचीला, असे वाटप होणार असेल तर ती फसवणूकच, मग तोंडाने एक अक्षरही खोटे बोललेले नसो. देणाऱ्याने वस्तूबरोबर तिचा आवाजही द्यावा, किंवा तो का गेला हे तरी सांगावे.

कंडेन्सर बदलून, पिना साफ होऊन पेटी धारवाडला भाचीकडे गेली. रिले बसवला नाही. बटण दाबल्यावर ट्रान्सफॉर्मर अजून हलकेच घूं करतो. सोबतच्या कागदावर तसे लिहून दिले आहे, आणि खाली हेही, की याहून वेगळा आवाज आला तर ताबडतोब बंद कर, आणि आधी मला विचार.