अर्ध्या त्वेरएवढे देवालय

पंधराव्या शतकात एक रशियन व्यापारी बीदरच्या हिंदू यात्रेकरूंबरोबर चालत श्रीशैलमला पोहोचला, तिथले अफाट दगडी देवालय त्याने पाहिले, भिंतींवर बारा ओळींत कोरलेल्या देवांच्या लीला पाहिल्या, आणि या वास्तूचा विस्तार आपल्या टिपणात सांगायची वेळ आली तेव्हा त्याने हात मोजले नाहीत, पावले मोजली नाहीत. देवालय अर्ध्या त्वेरएवढे आहे, एवढेच नोंदवून तो पुढे गेला. त्वेर हे त्याचे गाव, मॉस्कोच्या वायव्येस सुमारे पावणेदोनशे किलोमीटरवर, व्होल्गेच्या काठी वसलेले. शिवाच्या दारात उभ्या असलेल्या त्या परदेशी माणसाच्या अंतःकरणात त्या क्षणी आपले गाव जागे होते, म्हणून समोरचे देवालय त्याला मोजता आले. सज्जनहो, या जागेपणाला आपल्या परंपरेने स्मरण म्हटले आहे. प्रवासी परक्या नगरात काय पाहतो हा प्रश्न मी जितका जास्त काळ मनात घोळवतो, तितका तो या एका शब्दापाशी येऊन थांबतो.

त्या व्यापाऱ्याचे नाव अफनासी निकितीन. आपल्या रायगड जिल्ह्याशी त्याचे नाते आहे, कारण भारतभूमीवर त्याचे वास्तव्य सुरू झाले ते चौलच्या बंदरात. रोह्यावरून वाहत येणारी कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या खाडीच्या मुखाशी रेवदंडा आणि चौल ही गावे आहेत. होर्मुझहून निघालेल्या, घोडे लादलेल्या जहाजातून मस्कत, दीव, खंबायत करीत १४६९ च्या सुमारास तो तिथे उतरला, म्हणजे वास्को द गामा कालिकतला पोहोचण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी. चौलहून आठ दिवसांनी पाली, मग घाट चढून जुन्नर, असा पुढचा मार्ग त्याने लिहून ठेवला आहे. रेवदंड्यातल्या हायस्कूलच्या आवारात आज त्याचा स्मृतिस्तंभ आहे. ज्या रेवदंड्याच्या नानासाहेब धर्माधिकाऱ्यांनी दासबोधाचे निरूपण महाराष्ट्राच्या घराघरांत नेले, त्याच गावाने या दूरदेशीच्या माणसाचे स्मरण जपावे, हे मला फार योग्य वाटते.

आता स्मरणाचा पहिला पदर पाहू. आपल्याकडचा पाऊस निकितीनने जुन्नरमध्ये अनुभवला. चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल, आणि याच काळात हे लोक नांगरतात आणि पेरतात, हे त्याने आश्चर्याने टिपले. पण या ऋतूला तो हिवाळा म्हणतो! हा हिवाळा त्रिमूर्तीच्या सणापासून, म्हणजे ईस्टरनंतर सुमारे पन्नास दिवसांनी सुरू झाला, असे तो सांगतो, आणि त्यांचा वसंत ऑक्टोबरच्या आरंभी येणाऱ्या देवमातेच्या सणापासून. पेण आणि रोह्याच्या भातशेतीत राबणाऱ्या कुणालाही कळेल की तो जो आरंभ सांगतो तो मृगाचा आहे, आणि ज्याला तो वसंत म्हणतो तो भात पिकायला लागण्याचा काळ. त्याची गणना चुकली असे म्हणून त्याला बाजूला सारणे सोपे आहे. पण ज्याचे सारे वर्ष सणांच्या आधारे उभे राहिलेले असते, त्याला परक्या आभाळातून कोसळणारा पाऊसही आपल्या देवाच्या दिवसांवर टांगूनच समजतो. आपण अमुक गोष्ट गणपतीच्या आधी झाली आणि तमुक शिमग्यानंतर, असे बोलतो ते याच वृत्तीने. स्मरण ही माणसाची कालगणनाही असते.

आणि नेमकी हीच कालगणना त्याच्या हातून गेली. प्रवासाच्या आरंभीच, अस्त्राखानजवळ, तार्तारांनी त्याची नाव लुटली, आणि मालाबरोबर त्याचे धर्मग्रंथही गेले. ते गेल्यावर ईस्टर कधी, उपवास कधी, कुठला दिवस बुधवारचा आणि कुठला शुक्रवारचा, हे कळण्याचा मार्ग उरला नाही. टिपणांत या दुःखाचा उल्लेख तो परत परत करतो, घोड्याच्या किंवा पैशाच्या दुःखाहून अधिक कळवळून. मग त्याने काय केले? बीदरला असताना ईस्टरच्या रात्री त्याने आकाश पाहून ठेवले: कृत्तिका आणि मृग पहाटेच्या उजेडात शिरले आहेत आणि सप्तर्षींचे डोके पूर्वेकडे आहे. ग्रंथ गेला तेव्हा तारे हाती घेतले. भोवतालचे मुसलमान रमजानचा उपवास करीत, त्यांच्याबरोबर त्यानेही महिनाभर उपवास केला आणि मांस सोडले. लक्षात ठेवलेली माहिती आणि स्मरण यांतले अंतर इथे उघड होते. माहिती ग्रंथात असते आणि ग्रंथाबरोबर लुटली जाते, तर स्मरण ज्याच्या अंतरी मुरले आहे तो तिथी हरवूनही देवाचा दिवस शोधत राहतो, आणि हे शोधणे हेच त्याचे व्रत होते. रोह्यात १९२० साली जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवल्यांनी त्रिकाल संध्येचा अर्थ समाजाला सांगताना सकाळच्या जागेपणाला स्मृतिदान म्हटले, दुपारच्या अन्नाला शक्तिदान आणि रात्रीच्या निद्रेला शांतिदान. जाग येताच मी कोण, माझे कोण, हे आपोआप आठवते. ते आपण मिळवलेले नसते, कुणीतरी दिलेले असते. परमुलुखात दररोज सकाळी डोळे उघडणाऱ्या निकितीनला हे दान किती जड आणि किती मोलाचे वाटत असेल, याचा विचार करावा.

याच दानाची परीक्षा जुन्नरमध्ये झाली. त्याने चौलपर्यंत जहाजातून आणि पुढे घाटावर एक उमदा घोडा आणला होता, कारण या देशात घोडे पैदा होत नाहीत म्हणून त्यांना मोठा भाव आहे, असे त्याने ऐकले होते. जुन्नरच्या असद खानाला कळले की हा माणूस मुसलमान नाही, तेव्हा त्याने घोडा काढून घेतला आणि अट घातली: धर्म बदललास तर घोडाही परत देतो आणि वर हजार सुवर्णमुद्रा देतो, नाही तर घोडा जाईल आणि तुझ्याकडून हजार मुद्रा वसूल होतील. मुदत चार दिवसांची. ती संपण्यापूर्वी खोरासानचा ख्वाजा महंमद नावाचा एक सज्जन मध्ये पडला, त्याने खानाकडे रदबदली केली, घोडा परत मिळाला आणि धर्मही राहिला. निकितीन ही घटना ‘तारणहाराच्या दिवशी’ घडलेला देवाचा चमत्कार म्हणून नोंदतो. इथे थोडे थांबावे असे मला वाटते, कारण त्याच्या टिपणाच्या अगदी पहिल्या वाक्यांत प्रवासाचे प्रस्थान त्याने कुठून सांगितले आहे? त्वेरच्या सोनेरी घुमटाच्या, तारणहाराच्या चर्चपासून. घरून निघताना ज्या दारातून निघाला, त्याच दाराने सह्याद्रीच्या माथ्यावर त्याला सांभाळले, अशी त्याची श्रद्धा होती. रदबदली करणारा माणूस मुसलमान होता, हेही तो लपवत नाही. देवाने कुणाच्या हातून धाव घ्यावी, याबद्दल त्याने अट घातली नव्हती.

यापुढचा पदर अभ्यासकांना अडचणीचा वाटतो, मला तो सर्वांत आनंदाचा वाटतो. वर्षे गेली तशी निकितीनची भाषा मिसळत गेली, रशियन वाक्यात तुर्की शब्द येऊ लागले, फारसी येऊ लागले, अरबी आले. जिथे तो मन मोकळे करतो तिथे तर परभाषाच अधिक आहे. रशियन भूमीचे देवाने रक्षण करावे, तिथले उमराव अन्यायी असले तरी जगात तिच्यासारखी भूमी नाही, ही त्याची आळवणी तुर्कीत आहे, आणि टिपणाचा शेवट करणारी प्रार्थना अरबीत, ईश्वराच्या नामांची मालिका गुंफणारी. यावरून त्याने धर्म सोडला काय, असा वाद पंडितांनी घातला आहे. जुन्नरला हजार मुद्रांवर पाणी सोडणाऱ्या माणसाने तो सोडला असेल असे मला वाटत नाही. मला असे दिसते की नामाचा ध्यास ज्याला लागतो त्याच्या मुखात नाम कुठल्याही भाषेतून येते. पेण तालुक्यातल्या गागोद्यात १८९५ साली जन्मलेल्या विनोबांनी गीताई मराठीत आणली, कुराण मूळ अरबीतून अभ्यासून त्याचे सार काढले आणि ख्रिस्तधर्माचेही सार काढले; निकितीनच्या पानांवर नाना भाषा एकाच प्रार्थनेत बसलेल्या पाहून विनोबांना परकेपणा वाटला नसता.

आता दिशा उलटी करू. आपल्यातला माणूस रशियाच्या नगरात जातो तेव्हा स्मरण कसे वागते? नवविधा भक्तीत पहिले श्रवण, मग कीर्तन, आणि तिसरे स्मरण. दासबोधाच्या चौथ्या दशकातले समासही याच क्रमाने आहेत. वाटेगावचे शाहीर अण्णाभाऊ साठे भक्तिमार्गाचे प्रवासी नव्हते, त्यांची निष्ठा कष्टकऱ्यांच्या लढ्याशी होती, पण निष्ठेची पावले तीच पडली. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत स्टालिनग्राड झुंजत असल्याच्या वार्ता ऐकून त्यांनी मुंबईत त्या शहराचा पोवाडा रचला आणि डफावर गायला, ते शहर डोळ्यांनी पाहिलेले नसताना. पुढे १९६१ मध्ये ते सोव्हिएत देशात गेले आणि ‘माझा रशियाचा प्रवास’ लिहिला. ज्या भूमीचे आधी श्रवण झाले, मग जिचे गायन झाले, तिथे पाय ठेवताना माणूस पर्यटक राहत नाही. मॉस्कोच्या परकीय साहित्याच्या ग्रंथालयात २०२२ मध्ये अण्णाभाऊंचा पुतळा उभा राहिला. चौलला उतरलेल्याचा स्तंभ रेवदंड्यात आणि वाटेगावच्या शाहिराचा पुतळा मॉस्कोत: दोन देशांनी एकमेकांच्या वाटसरूंना असे ठेवून घेतले आहे.

पण त्वेरला आज जाणाऱ्याला काय दिसते? व्होल्गेचा रुंद संथ प्रवाह, तिला मिळणाऱ्या त्वेरत्सा आणि त्माका या नद्या, पीटर्सबर्ग-मॉस्को प्रवासात राजघराण्याच्या मुक्कामासाठी उभारलेला राजवाडा, आणि एका ठिकाणापासून तीन किरणांसारखे फाकलेले सरळ रस्ते. ही शिस्त आगीतून आली. १७६३ मध्ये शहर जळाले आणि दुसऱ्या कॅथरीनच्या आज्ञेने ते नव्याने आखले गेले. निकितीनचे त्वेर, लाकडी घरांचे, स्वतंत्र राजाचे त्वेर, त्यापूर्वीच इतिहासात गेले होते, कारण १४८५ मध्ये मॉस्कोने ते जिंकून घेतले. ‘पांढरी त्रिमूर्ती’ नावाचे जुन्यातले जुने उभे राहिलेले चर्च १५६४ चे, म्हणजे तेही त्याच्या मृत्यूनंतरचे. १९३१ पासून १९९० पर्यंत शहराचे नावही निराळे होते, कालिनिन. १९४१ च्या ऑक्टोबरात जर्मन सैन्य तिथे शिरले आणि डिसेंबरात हटवले गेले. आणि तारणहाराचे ते चर्च? त्याची जुनी वास्तू जाऊन सतराव्या शतकाच्या अखेरीस नवी आली, ती १९३५ मध्ये सुरुंगाने उडवली गेली, आणि अलीकडच्या काळात त्याच जागी पुन्हा घुमट चढवले गेले. म्हणून त्वेरला गेलेल्या माणसाने तिथे जुने काय उरले, एवढेच विचारले तर उत्तर तोकडे मिळेल. जळून, नाव बदलून, उडवले जाऊन या नगराने काय पुन्हा उभे करायचे ठरवले, हे पाहिले म्हणजे नगरही स्मरण करते हे ध्यानात येते, आणि व्यक्तीप्रमाणेच त्यालाही त्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. व्होल्गेच्या किनाऱ्यावर नावेच्या नाळेसह उभा असलेला निकितीनचा पुतळा १९५५ चा आहे, शहर कालिनिन म्हणवले जात असतानाच्या काळातला. गावाचे जुने नाव मिटलेले असताना त्या नावाचे माप करून जगाला मोजणाऱ्या गावकऱ्याला गावाने उभे केले. दोनच वर्षांनी, १९५७ मध्ये, ख्वाजा अहमद अब्बास आणि वासिली प्रोनिन यांनी त्याच्यावर ‘परदेसी’ हा चित्रपट केला, हेही जाता जाता सांगायला हवे.

आज त्वेरच्या वैद्यकीय विद्यापीठात भारतातली मुले डॉक्टरकी शिकतात. पंचांग त्यांच्या मोबाइलमध्ये आहे, चतुर्थी चुकण्याचे भय नाही, आईचा आवाज हवा तेव्हा कानावर येतो. निकितीनचे ग्रंथ लुटले गेले तसे त्यांचे काही लुटले जात नाही. तरीही हिवाळ्यात थिजलेल्या व्होल्गेकडे पाहताना आमच्या भागातल्या मुलाच्या मनात पावसाळ्यात लाल होऊन फुगलेली कुंडलिका किंवा भोगावती उभी राहिली, तर त्याने ती आठवण भाबडी म्हणून झटकू नये. तिच्याच काठाने त्याला व्होल्गा किती रुंद आहे ते कळणार आहे.

निकितीन स्वतः त्वेरला पोहोचला नाही. होर्मुझ, शिराझ, तब्रीझ, त्राबझोन, मग काळा समुद्र ओलांडून क्रिमियातले काफा, आणि तिथून उत्तरेकडे निघाल्यावर स्मोलेन्स्क गाठण्यापूर्वीच त्याचा अंत झाला. त्याच्या हातच्या वह्या सोबतच्या व्यापाऱ्यांनी मॉस्कोला नेल्या आणि तिथल्या महाराजांच्या दरबारातला लेखनिक वासिली मामिरेव याच्या हाती दिल्या. १४७५ च्या नोंदीखाली त्या रशियन बखरीत उतरवल्या गेल्या. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षे त्या हस्तलिखितांत पडून होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासकार करमझिन यांना एका मठाच्या ग्रंथसंग्रहात ते हस्तलिखित सापडले, आणि चौल, पाली, जुन्नर, बीदर ही नावे एका रशियन व्यापाऱ्याच्या अक्षरांतून जगाला वाचायला मिळाली. ज्या व्यापाऱ्यांनी त्या वह्या उचलल्या त्यांची नावे कुठेही लिहिलेली नाहीत; मेलेल्या सोबत्याच्या गाठोड्यातला माल विकून कागद टाकून देणे त्यांना सहज शक्य होते, आणि त्यांनी ते कागद मॉस्कोपर्यंत वाहून नेले.