दाखल्याच्या पलीकडचा रकाना

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर खालच्या अंगाला एक रकाना असतो: 'शाळा सोडण्याचे कारण'. दहावीचा निकाल लागला की कन्नड तालुक्यातल्या माध्यमिक शाळांचे लिपिक त्यात ठरलेला मजकूर भरत जातात. 'दहावी उत्तीर्ण', 'पुढील शिक्षणासाठी', फार तर 'पालकांच्या विनंतीवरून'. शिक्का बसतो, मुख्याध्यापकांची सही होते. पाच-सहा वर्षं ज्याची हजेरी रोज मांडली, त्या मुलाशी शाळेच्या दप्तराचा संबंध तिथे संपतो. पुढे तो आयटीआयला गेला, वाळूजच्या कंपनीत कंत्राटी हेल्पर झाला, पिशोरकडे बापाच्या आल्याच्या सऱ्यांत उतरला की ऊसतोडीच्या टोळीबरोबर कोयता घेऊन गेला, हे पारावर बसलेल्या कुणालाही सांगता येईल. शाळेला विचाराल तर शिक्षक आठवून सांगतील. दप्तर काही सांगणार नाही.

दप्तरं कमी आहेत म्हणून हे घडतं असं नाही. 2015 मध्ये शाळांच्या स्वयंमूल्यमापनाची 'शाळासिद्धी' आली; 7 क्षेत्रं, 46 मानकं. आता राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचा 'स्क्वाफ' आराखडा आहे आणि त्यात 128 मानकं आहेत. प्रत्येक मानकात शाळेने स्वतःला जोखायचं, पुरावे जोडायचे. या मोजमापाची थट्टा करण्याचा मोह होतो, पण ती पूर्ण न्याय्य ठरणार नाही. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी आहे का, हे कुणीतरी कागदावर विचारू लागलं म्हणून काही ठिकाणी ते आलं. तक्रार वेगळी आहे. मानकांची नजर शाळेच्या कुंपणाच्या आतच फिरते. आणि शाळेत शिकवल्या जाणाऱ्या व्यवसाय शिक्षणाची तर परीक्षाच कुंपणाबाहेर असते.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 2025 पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा अनुभव मिळेल असं म्हटलं होतं. बाराव्या पंचवार्षिक योजनेच्या अंदाजाचा आधार घेऊन त्यात एक तुलनाही दिली आहे: 19 ते 24 वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी औपचारिक व्यवसाय शिक्षण घेतलेले भारतात 5 टक्क्यांहून कमी, जर्मनीत 75, दक्षिण कोरियात 96. 2025 ची ती मुदत आता उलटून गेली आहे. या शिक्षणाचा पैसा 'समग्र शिक्षा'तून येतो, शंभरातले केंद्राचे 60 रुपये तर राज्याचे 40. शाळेत तो पोचतो तो प्रयोगशाळेतल्या अवजारांच्या आणि एका कंत्राटी प्रशिक्षकाच्या रूपाने. हा प्रशिक्षक शाळेचा नोकर नसतो. त्याला एखाद्या पुरवठादार संस्थेमार्फत नेमलेलं असतं. वर्षअखेरीस हिशेब मागितला जातो तेव्हा उपयोगिता प्रमाणपत्र द्यावं लागतं. नाव मोठं छान आहे. त्यात फक्त रक्कम खर्ची पडल्याचं लिहिलेलं असतं. उपयोग कुणाला झाला, हे लिहायला त्यात जागाच नाही.

मग सरळ उपाय सुचतो: निकाल दाखवा, पैसा घ्या. हा उपाय दीडशे वर्षांहून जुना आहे आणि आपल्याकडे वापरूनही झाला आहे. 1862 मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांनी वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या परीक्षेवर शाळांचं अनुदान बांधलं. पुढे मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची पद्धत आली. कन्नड तेव्हा निजामाच्या मुलखात, त्यामुळे इथल्या शाळांशी तिचा संबंध आला नाही. पण 1882 मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुले यांनी त्यावर जे सांगितलं, ते आज गौताळ्याच्या डोंगरातल्या तांड्यावरही लागू पडतं. ज्यांच्यात शिक्षणाची गोडी अजून रुजलेलीच नाही, अशा गरिबांसाठी निकालावरची पद्धत कामाची नाही, तिथे सरकारनेच शाळा घातल्या पाहिजेत, असं त्यांचं म्हणणं होतं. त्याच निवेदनात त्यांना हवा असलेला शिक्षकही दिसतो: नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही असा, आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान घेतलेला. उत्तरदायित्व, निधी आणि हाताचं काम हे तिन्ही प्रश्न जोतीरावांनी एकाच निवेदनात घेतले होते. आपण ते तीन वेगवेगळ्या कार्यालयांत वाटून टाकले.

ज्या शाळेची निम्मी मुलं दिवाळीनंतर आईबापांबरोबर कारखान्यावर जातात, तिचा निधी निकालावर बांधला तर ती आधी निकालात नापास होईल आणि मग निधीला मुकेल. आज शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेचं गणित पटावर चालतं, तेही अशाच शाळांना जाचतं. म्हणून मोजमापाच्या दोरीला पैशाची गाठ मारू नये, या मताचा मी आहे. पण मोजूच नये, असं त्यातून निघत नाही. अमेरिकेत 2018 च्या पर्किन्स कायद्याखाली व्यवसाय शिक्षण पुरं केलेला विद्यार्थी बाहेर पडल्यावर साधारण सहा महिन्यांनी कुठे आहे, शिकतो की कमावतो, हे राज्यांना कळवावं लागतं. तिथलं सगळंच घेण्यासारखं आहे असं नाही, पण हा एक प्रश्न उसना घ्यायला हरकत नाही.

त्याहून जवळचा धडा पाबळचा आहे. शिरूर तालुक्यातल्या त्या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मुलं वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती शिकत आणि गावकऱ्यांची कामं मोबदला घेऊन करून देत. जोड नीट बसला नाही तर गिऱ्हाईक दारात येई. दुसरा परीक्षक लागतच नसे. मूलभूत तंत्रज्ञानाचा हा विषय पुढे राज्याच्या माध्यमिक मंडळाने मान्य केला. कन्नडमध्ये अशी कामं शोधायला सर्वेक्षण नको. ठिबकच्या नळ्या तुंबतात, विहिरीवरच्या मोटारी जळतात, आल्याचा भाव पडला की सुंठ करून ठेवायची अक्कल लागते, घाट चढताना ट्रकांची इंजिनं तापतात. शाळेत येणारा विषय मात्र वरून आलेल्या यादीतून ठरतो. तालुक्यात चालणाऱ्या कामाशी तो जुळला तर तो योगायोग समजायचा.

माझी मागणी लहान आहे. दाखल्यानंतर वर्षभराने शाळेने त्या मुलाला फोन करावा आणि एका ओळीत नोंद ठेवावी: काय करतो, शाळेत शिकलेल्यापैकी काय उपयोगी पडलं. ती नोंद शाळेला शिक्षा करायला वापरायची नाही. पुढच्या वर्षी कुठला विषय ठेवायचा आणि कुठली अवजारं घ्यायची, हे ठरवायला वापरायची. शिक्षक म्हणतील, निवडणुका, सर्वेक्षणं, आता हेही? त्यांचं खरं आहे. म्हणून 128 मधली काही मानकं आधी काढा. फोन प्रशिक्षकाने करावा हे उत्तम, कारण मुलाचा हात त्याने पाहिलेला असतो. पण त्यासाठी तो पुढच्या वर्षीही त्याच शाळेत असायला हवा.