हाती यंत्र देण्यापूर्वी

पावसाळा सरतो तेव्हा वाडीतले, अंगणातले आणि चर्चच्या आवारातले गवत गुडघ्यापर्यंत आलेले असते. २ नोव्हेंबरचा मृतांचा स्मरणदिन जवळ येऊ लागला की दफनभूमीच्या साफसफाईसाठी माणसे जमतात. पूर्वी ह्या कामाला विळे-कोयते पुरत. आता कोणीतरी पेट्रोलवर चालणारा ग्रास कटर घेऊन येतो. त्याचा आवाज सुरू झाला की तेरा-चौदा वर्षांचा एखादा मुलगा पुढे सरतो आणि विचारतो, "काका, मी चालवू?" कोणी म्हणतो, "चालवू द्या, शिकेल." दुसरा म्हणतो, "अजून लहान आहे तो." दोघेही मुलाच्या भल्याचेच बोलतात. परंतु हे तुम्ही कशावरून ठरविले, असे विचारले तर दोघांनाही उत्तर देणे जड जाईल.

प्रश्न वरवर पाहता किरकोळ आहे. तरी त्यामागे एक मोठा नैतिक प्रश्न उभा आहे. आपल्या मुलाने किती धोका पत्करावा हे त्याच्या वतीने आपण ठरवीत असतो. तो अधिकार आपण कोणत्या आधारावर वापरतो?

अमेरिकेत घरापुढे हिरवळ राखण्याची रीत असल्याने हा प्रश्न तेथील आईबापांना नेहमी पडतो. उन्हाळ्याच्या सुटीत शेजाऱ्यांची हिरवळ कापून खर्चाला पैसे मिळविणे ही तेथील मुलांची जुनी वहिवाट आहे. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने २००१ साली ह्याविषयी एक निवेदन प्रसिद्ध केले. मागून चालत ढकलायचे यंत्र बहुतेक मुलांना वयाच्या बाराव्या वर्षापूर्वी आणि वर बसून चालवायचे यंत्र सोळाव्या वर्षापूर्वी देऊ नये, असा त्यातील सल्ला आहे. मात्र हे आकडे सांगून ते डॉक्टर थांबले नाहीत. मुलाची ताकद, हातापायांचा मेळ आणि समज हीदेखील पाहावी, असे त्यांनी बजावले. बारा वर्षे भरली म्हणजे मुलगा तयार झाला असे नाही; त्याआधी सहसा विचारही करू नये, एवढाच त्या आकड्याचा अर्थ.

कायद्याच्या आकड्यांचेही असेच आहे. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने वाहन चालविण्यास १८ वर्षांची अट घातली आणि ५० सीसीपर्यंतच्या बिनगियरच्या दुचाकीपुरती ती १६ वर आणली. बालमजुरीच्या कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी आली. शाळेची वेळ सोडून घरच्या बिनधोक व्यवसायात हातभार लावण्यापुरती मुभा राहिली. असे आकडे आवश्यक आहेत, कारण कायदा प्रत्येक मुलाला जवळून पाहू शकत नाही. आईबाप पाहू शकतात. म्हणूनच त्यांचे काम कायद्याच्या आकड्यापाशी संपत नाही.

वय आणि समज ह्यांचा हा मेळ आपल्या धार्मिक जीवनातही घालावा लागला आहे. एके काळी अनेक ठिकाणी मुलांना प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारण्यासाठी दहा, बारा, कोठे चौदा वर्षांपर्यंत थांबावे लागे. १९१० साली पोप पायस दहावे ह्यांनी हा विलंब दूर केला आणि सुमारे सातव्या वर्षापासून, समज येताच, मुलांना प्रवेश द्यावा असे ठरविले. समज आली की नाही हे पाहण्याची जबाबदारी मुलाच्या वडिलांवर आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंवर सोपविण्यात आली. निर्णय मुलाला ओळखणाऱ्यांनी घ्यावा, हे त्यातील तत्त्व आम्हांला येथेही मोलाचे वाटते.

परंतु बरेवाईट कळणे वेगळे आणि ऐन क्षणी हात आवरणे वेगळे. तरुण माणूस भूमितीत पारंगत होऊ शकतो, पण व्यवहारातला विवेक त्याच्या ठायी लवकर येत नाही, कारण त्याला अनुभव लागतो, असे ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले. ऊर्मी आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, असे आजचे शास्त्रही सांगते.

येथे वडीलधारी मंडळी हमखास म्हणतात, "आम्ही आठव्या वर्षी कोयता हाती घेतला, आमचे काय बिघडले?" ह्या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. एक तर ज्यांचे बिघडले ते आज ही फुशारकी मारायला पुढे येत नाहीत. दुसरे असे की विळ्याला जोर मिळतो तो मुलाच्याच दंडाचा. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात विळा आठ वर्षांचा असतो. मूल वाढते तसा तोही वाढतो. यंत्र मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण वाढलेले असते. आपला दांडा कोणाच्या मुठीत आहे, हे त्याला ठाऊक नसते. १८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग ह्यांनी हिरवळ कापण्याचे पहिले यंत्र बनविले, ते हाताने ढकलायचे होते. माणूस थांबला की पातेही थांबे. इंजिन आले आणि हे नाते तुटले. शेवटी १९८२ पासून अमेरिकेत नियमच करावा लागला की ढकलायच्या यंत्राचा दांडा सोडताच पाते ३ सेकंदांत थांबले पाहिजे.

आपल्याकडचा ग्रास कटर तर खांद्याला अडकवून चालवायचा. त्याचे पाते बरेचसे उघडे असते. दगडाला लागले तर यंत्र हिसका देते आणि खडे दूरवर उडतात. म्हणून इतरांनी निदान १५ मीटर दूर राहावे, असे उत्पादक सांगतात. ज्या दफनभूमीत गवताखाली कबरींचे कठडे दडलेले असतात, तेथे हे यंत्र अठरा वर्षांखालील मुलाच्या खांद्यावर देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील बारा वर्षांचा आकडा ह्या यंत्राला लावता येणार नाही.

मग मुलाने नुसते पाहत राहायचे काय? तेही आम्हांला मान्य नाही. अठरा वर्षे ज्याने धारेच्या कोणत्याच वस्तूला हात लावला नाही, तो अठराव्या वाढदिवसाला एकाएकी शहाणा होत नाही. अनुभव वयाबरोबर आपोआप येत नाही. तो पायरीपायरीने द्यावा लागतो. आधी गवत गोळा करणे, मग विळा, मग कोयता, मग बंद यंत्राची साफसफाई, आणि वय झाल्यावर चालू यंत्र, तेही मोठ्याच्या देखरेखीखाली.

पुढच्या पायरीवर मुलाला केव्हा घ्यावे? बहुतेक आईबाप पाहतात ते काम त्याला जमते की नाही हे. आमच्या मते पाहावे ते थांबणे. धाकटे भावंड जवळ आले की त्याचा विळा थांबतो काय? आपण पाठ फिरविल्यावरही तो तितकीच काळजी घेतो काय? काम संपल्यावर अवजार पुसून जागेवर ठेवतो काय? आणि सर्वांत कठीण म्हणजे, "हे मला जमत नाही, मला भीती वाटते," असे तो सांगू शकतो काय? ज्याला हे सांगता येते, तो पुढच्या पायरीस योग्य झाला. मात्र ज्या घरात भीती बोलून दाखविणाऱ्या मुलाला हसतात, त्या घरातले मूल हे कधीच सांगणार नाही. म्हणजे ह्या परीक्षेला मुलाबरोबर घरही बसलेले असते.

ह्याच कसोटीवर आपल्या आणखी दोन सवयी तपासून पाहाव्यात, असे आम्ही सुचवितो. मुलाच्या हाती यंत्र द्यावे की नाही ह्यावर आपण एवढी चर्चा करतो. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलीला विळीवर बसविताना किंवा गॅसवरचे उकळते भांडे उतरवायला सांगताना घरात कोणी तिचे वय विचारले होते काय? उकळते पाणी मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. काम दोघांनी शिकावे आणि काळजीही दोघांची घ्यावी.

दुसरी सवय अधिक अवघड आहे. मजुरी वाढली, माणसे मिळत नाहीत, म्हणून मुलाला कामाला जुंपताना "त्याला वळण लागावे" असे आपण म्हणतो. कारण आपली सोय असेल तर तसे निदान स्वतःशी तरी कबूल करावे. आणि वाडीत कामाला येणाऱ्या मजुराबरोबर त्याचा तेरा वर्षांचा मुलगा आला, तर आपण काय करतो? स्वतःच्या मुलासाठी "अजून लहान आहे" म्हणणारा माणूस त्या मुलाच्या हाती कोयता देऊन मोकळा होत असेल, तर त्याने वय मोजलेच नाही. मूल कोणाचे आहे एवढेच पाहिले. तेरा वर्षांचे मूल हे तेरा वर्षांचेच असते, मग त्याच्या बापाच्या नावावर वाडी असो वा नसो.

अवजार देणाऱ्याची जबाबदारी अवजार हातून सुटल्यावर संपत नाही. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक ह्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद झाली. गवत कापण्याच्या यंत्राला असा कायदा नाही; पण घरच्या अंगणात तो असावा लागतो असेही नाही. मुलाला "चालव" म्हणणाऱ्याने काम पुरे होईपर्यंत तेथे उभे राहावे. उभे राहायला वेळ नसेल, तर त्या दिवशी मुलाचे वय कितीही असो, उत्तर "नाही" असेच असावे.