ज्याला मी ठाऊकच नाही, त्याच्यासाठी

शिंपल्याला मेंदू नसतो. मज्जातंतूंच्या काही गाठी असतात, तेवढ्यावर त्याचं भागतं. न्यू जर्सीतल्या माझ्या घरात, जिथे लोक टीव्ही ठेवतात तिथे, खाऱ्या पाण्याची एक टाकी आहे आणि तिच्यात असा एक शिंपला आहे. जात ट्रायडॅक्ना मॅक्सिमा, आकार माझ्या तळहाताएवढा, निळी-काळी नक्षीदार झालर. गेली तीन वर्षं मी त्याचं पाणी तपासतेय. या तीन वर्षांत त्याला माझी ओळख झालेली नाही आणि पुढेही होणार नाही.

मग मी त्याचं नेमकं काय देणं लागते?

आधी हा प्राणी जगतो कसा ते सांगते, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे. त्याच्या झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते प्रकाशावर अन्न बनवतं आणि त्यातला मोठा वाटा शिंपल्याला मिळतो. म्हणजे झालर उघडी आणि तिच्यावर भरपूर उजेड, हेच त्याचं जेवण. झालर मिटून बसला, की उपाशी. झालरीच्या कडेला शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना चेहरे दिसत नाहीत, पण सावली कळते. मी टाकीवर वाकले की तो पटकन आक्रसतो. त्याच्या जगात मी म्हणजे एक सावली, बस्स.

त्याला निरोगी ठेवायचं म्हणजे कॅल्शियम ४२० पीपीएमच्या आसपास, केएच ८ ते ९, तापमान २६ अंश, आणि मुख्य म्हणजे यातलं काहीच झटक्यात बदलू द्यायचं नाही. तो कवच वाढवायला पाण्यातूनच कॅल्शियम ओढतो, त्यामुळे रोज थोडं थोडं घालावं लागतं. थोडं नायट्रेटही त्याला लागतं, म्हणून पाणी अगदी चकाचक केलेलंही चालत नाही. शिवाय तो पायातल्या धाग्यांनी दगडाला चिकटतो. ओढून काढला तर ती ग्रंथीच फाटते आणि मग बहुतेकदा मरतो. माझा तर सोफ्याकडे पाठ करून चिकटला आहे! राहू दे. त्याला पाहायचं तर मी स्टूल घेऊन वरून पाहते. तसाही त्याचा खरा रंग वरूनच दिसतो.

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तेव्हा तिनं विचारलं, "कालवण किती जणांचं होईल गो?" आम्ही मालवणकडचे. तिसऱ्यांच्या एका जेवणात किती जीव जातात हे आमच्या घरात कुणी मोजलेलं नाही, मीसुद्धा नाही. मग या एकासाठी एवढा महागडा दिवा का?

तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ साली 'अ‍ॅनिमल लिबरेशन' लिहिलं, तेव्हा आपल्या नैतिक काळजीची रेघ त्यांनी साधारण कोळंबी आणि कालव यांच्या मधे कुठेतरी ओढली होती. १९९०च्या आवृत्तीत ते मागे आले: यांना वेदना होत नाहीत अशी खात्री देता येत नाही, तर खाऊ नये. मला ही माघार आवडते. पण माझ्या प्रश्नाला ती पुरत नाही. वेदनेची शंका आईच्या टोपातल्या तिसऱ्यांनाही तितकीच लागू आहे. फरक प्राण्यात नाही, आमच्या नात्यात आहे. याला मी काचेआड आणलं, त्या दिवशी लाटेचं, उन्हाचं, क्षारांचं सगळं काम माझ्या अंगावर आलं. (भारतात असते तर आणताच आला नसता, तिथे मॅक्सिमाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. माझा शेतीतला आहे. पालाऊ बेटांवर १९७० आणि ८०च्या दशकांत अशा शिंपल्यांची पैदास करायचं तंत्र बसवलं गेलं, त्या परंपरेतला.)

हे सगळं बोलायला सोपं होतं. गेल्या वर्षी त्याची परीक्षा झाली.

टाकीत एक कोरल ब्युटी मासा होता, जांभळा-केशरी. मी खोलीत आले की काचेशी यायचा, माझ्याबरोबर कडेकडेनं पोहायचा. अन्नासाठीच, मान्य, पण यायचा. या जातीचा मासा शिंपल्याला धरेलच असं नसतं, सोडेलच असंही नसतं. दीड वर्ष सोडलं, मग झालर कुरतडायला लागला. शिंपला दिवसभर मिटून राहू लागला.

दोघांपैकी एकाला जावं लागणार होतं. घरी येणाऱ्या प्रत्येकानं माशाला मत दिलं. "त्याला निदान डोळे तरी आहेत," एक मैत्रीण म्हणाली. डोळ्यांच्या मोजणीत तर शिंपलाच जिंकला असता, पण तिचं म्हणणं मला कळत होतं. जाणीव जास्त कुणाला, असं विचारलं तर माझंही उत्तर मासाच. लळा कुणाचा, तर तेही मासाच.

पण मी विचारलं ते वेगळं: इथून दुसरीकडे जाऊन कोण जगू शकेल? मासा कुठल्याही बऱ्या टाकीत रमला असता. शिंपला दगडाला बांधलेला. जवळ कुणी आलं तर त्याच्याकडे उपाय एकच, मिटणं, आणि मिटणं म्हणजे उपास. ज्याला पळता येत नाही त्याच्या बाजूनं मी गेले. हा नियम सगळीकडे लागू पडेल असा माझा दावा नाही. दोन माणसांमध्ये मी तो वापरला नसता.

पारदर्शक सापळा लावून चार दिवसांनी मासा हाती आला. ओळखीतल्या एकाच्या टाकीत आता तो आहे, तिथे शिंपले नाहीत. आठवडाभरानं माझ्या शिंपल्यानं झालर अर्धी उघडली, मग पूर्ण. कवचाच्या कडेला नव्या वाढीची पांढरी रेघ आली, दोनेक मिलिमीटरची.

माशाचा नवा मालक अधूनमधून व्हिडिओ पाठवतो. मासा त्याच्या काचेशीही तसाच येतो. मी पूर्ण बघत नाही.