मागच्या दिव्याचे सत्य

दसऱ्याच्या सुमारास साखर कारखान्यांत बॉयलरचे अग्निप्रदीपन होते, पुढे गव्हाणीत मोळी टाकून पूजा होते, आणि तेव्हापासून चैत्राची चाहूल लागेपर्यंत कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या जिल्ह्यांतील रस्त्यांवर, एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आणि त्यांवर डोईच्या कितीतरी वर रचलेला ऊस, अशी वाहने रात्रभर कारखान्याच्या काट्याकडे संथ गतीने सरकत असतात. ज्या उद्योगाचा आरंभ अग्नीच्या पूजनाने होतो, त्याच उद्योगाच्या कित्येक वाहनांच्या पाठीशी पाच वॉटचा एक तांबडा दिवाही तेवत नसावा, ही विसंगती मला फार अस्वस्थ करते. रात्री मागचा दिवा लावणे 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचे केले आहे, तो न लावणारा दंडास पात्र आहे, आणि कायद्याच्या दफ्तरी प्रकरण तेवढ्यावर निकालात निघते. धर्मविचाराला मात्र तेथून पुढे प्रश्न उरतो. बिनदिव्याची ट्रॉली रात्री रस्त्यावर आणणारा मनुष्य नेमके कोणते पाप करतो? हयगय तर तो करतोच. पण माझ्या मते त्याची खरी कसूर ही, की तो असत्य बोलतो.

ट्रॅक्टरची वीज ट्रॉलीपर्यंत नेणे हे काम कोणत्याही गावच्या वायरमनला जमण्यासारखे आहे. ट्रॅक्टरच्या मागे सात पिनांचे सॉकेट असते. रूढ मांडणीप्रमाणे डावा व उजवा इंडिकेटर, डावा व उजवा टेल लॅम्प, ब्रेकचा दिवा आणि धुक्यातला दिवा यांना एकेक पिन, आणि उरलेली, पांढऱ्या तारेची, अर्थची. पहिल्या सहा तारा बॅटरीचा 12 व्होल्टचा प्रवाह दिव्यांकडे नेतात आणि ही सातवी त्या सर्वांचा प्रवाह परत आणते. नेमकी तीच जोडण्याचा कंटाळा केला जातो. लोखंडाला लोखंड लागलेच आहे या समजुतीने हुक आणि ड्रॉबार यांच्या सांध्यावर सारी भिस्त ठेवली जाते, आणि त्या सांध्यात ग्रीस असते, गंज असतो, खड्ड्यागणिक हलणारी पिन असते, त्यामुळे दिवा क्षणात लागतो आणि क्षणात विझतो. परतीची वाट पुरती तुटली म्हणजे तर विपरीतच घडते: ब्रेक दाबताच त्या दिव्यात शिरलेला प्रवाह शेजारच्या दिव्यांच्या तारांतून उलटा मार्ग काढीत ट्रॅक्टरकडे येतो, आणि ब्रेकची ठळक खूण दिसण्याऐवजी मागे भलतेच दिवे मिणमिणू लागतात. दुसऱ्या ट्रॉलीसाठी पहिलीच्या पाठीमागे आणखी एक सॉकेट बसवावे लागते, आणि तार बारीक असली तर तेथवर पोहोचेपर्यंत विजेचा दाब उतरून दिवा मंदावतो. यातली सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट अशी, की इंडिकेटरचा बल्ब गेला तर फ्लॅशरची चाल बदलून चालकाला बहुधा वर्दी मिळते, परंतु साधा टेल लॅम्प गेला तर त्याला काहीच कळत नाही. त्या दिव्याच्या उजेडाचा त्याला उपयोग नाही आणि त्याच्या विझण्याची त्याला झळ नाही.

झळ लागते ती मागच्याला, आणि ती कशी लागते हे समजण्यास आपल्या प्रमाणशास्त्रासारखा दुसरा आधार मला दिसत नाही. कुमारिलाच्या अनुयायांनी आणि पुढे अद्वैत वेदान्त्यांनी प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द आणि अर्थापत्ती यांच्या पंक्तीला अनुपलब्धी हे सहावे प्रमाण बसविले: भूतलावर घट नाही हे ज्ञान, घट न दिसण्यानेच होते. परंतु वाटेल ते न दिसणे हे प्रमाण नव्हे. वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी योग्यता तेथे असावी लागते, आणि म्हणून लख्ख उजेडात घट न दिसल्यास त्याचा अभाव सिद्ध होतो, अंधारात होत नाही, असा विवेक धर्मराज अध्वरीन्द्रांनी ‘वेदान्तपरिभाषे’त केला आहे. आता अमावास्येच्या रात्री, ताशी 60 किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे 17 मीटर रस्ता मागे टाकीत, मोटारसायकलवरून गावी परतणारा एखादा मनुष्य डोळ्यांसमोर आणा. पुढे तांबडा दिवा नाही, म्हणून पुढे वाहन नाही, असा निश्चय तो पदोपदी करीत असतो. तो अंधारात घटाचा अभाव ठरवीत आहे आणि म्हणून दोष त्याचाच आहे, असे म्हणण्याचा मोह कोणाला होईल. पण ते न्यायाचे होणार नाही. रात्री रस्त्यावर येणारे प्रत्येक वाहन मागे दिवा लावील, असा परस्परांत करार करून समाजानेच त्या अंधाराला ही योग्यता आणून दिलेली असते. त्या कराराच्या बळावर दिवा न दिसणे हे वाहन नसल्याचा दाखला ठरते, आणि एकही बिनदिव्याची ट्रॉली त्या रस्त्यावर आली, की तो दाखला खोटा होतो. तो खोटा दाखला ट्रॉलीवाल्याने दिला आहे, जरी त्याने तोंडातून अक्षरही काढलेले नाही.

सत्याची व्याप्ती जिभेपुरती नाही, हे आपल्या शास्त्रकारांना पुरते ठाऊक होते. योगसूत्रांतील यमांवर भाष्य करताना व्यासांनी वाणीचे प्रयोजन सांगितले, ते आपल्या ठायीचा बोध दुसऱ्याच्या ठायी संक्रान्त करण्याचे. आणि ती वाणी वंचना करणारी, भ्रान्त किंवा बोध करून देण्यास असमर्थ असता कामा नये, असे बजावून, प्राणिमात्राच्या उपघातासाठी तिचा उपयोग झाला तर ते सत्यच नव्हे, असा निर्वाळा दिला. मागचा दिवा ही अशीच वाणी आहे, कारण पुढे जाणाऱ्याला ठाऊक असलेली एकच गोष्ट, ‘मी येथे आहे’, ती मागच्याला कळविण्यापलीकडे त्याचे दुसरे काही काम नाही. अर्थ तुटल्यामुळे भलताच पेटणारा दिवा भ्रान्त वाणीच्या सदरात पडतो; आणि ज्याच्यावर लोंबत्या वाढ्यांचे झुपके आले आहेत तो दिवा, आत कितीही इमानाने जळत असला, तरी बोधाच्या दृष्टीने वांझच होय. हंगामाच्या आरंभी कारखाने ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, ते उत्तमच करतात. मात्र रिफ्लेक्टर दुसऱ्याचा उजेड पडला तरच बोलतो, आणि समोरून येणाऱ्या वाहनाच्या झोताने डोळे दिपलेल्या, स्वतःचा दिवा मिणमिणता असलेल्या मनुष्याला त्याचे बोलणे फार उशिरा ऐकू जाते.

अपघात झाला, की गावात एक वाक्य हमखास उच्चारले जाते: वेळ भरली होती. ज्याचा मुलगा गेला त्याने ते उच्चारावे. दुसरा आधारच जेथे उरत नाही तेथे प्रारब्धाचा सिद्धान्त दुःख सोसण्याचे बळ देतो आणि त्या उपयोगाला माझी ना नाही. परंतु ज्याची ट्रॉली होती तोच जेव्हा ते वाक्य बोलतो, तेव्हा तो सिद्धान्ताचा अपहार करतो. आपल्या पूर्वजांनी कर्माचे संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण असे जे भाग केले, त्यांत प्रारब्ध भोगणाऱ्याचे असते. कर्त्याच्या वाट्याला येते ते क्रियमाण, आणि सात पिनांचा प्लग सॉकेटमध्ये न बसवता रस्त्यावर लोंबकळत ठेवणे हे निखळ क्रियमाण आहे. दुसऱ्याच्या प्रारब्धाच्या आड स्वतःचे क्रियमाण लपविण्याची मुभा कोणत्याही दर्शनाने दिलेली माझ्या वाचनात नाही.

ऊस वाहणाऱ्याची बाजू मला कळते. त्याला मोबदला मिळतो तो टनावर आणि अंतरावर. ट्रॅक्टरचे हप्ते, मुकादमाला दिलेली उचल, डिझेल या सर्वांचा मेळ खेपा वाढविल्यावाचून बसत नाही, आणि शेताच्या बांधावर अपरात्री ट्रॉली भरून झाल्यावर बल्ब तपासण्याचे त्राण त्याच्या अंगी उरत नसेल. पण त्याच ट्रॅक्टरवर कर्कश गाणी वाजविणारे कर्णे आणि पुढच्या बाजूस शोभेच्या दिव्यांची माळ जेव्हा मी पाहतो, तेव्हा पैशाची सबब मला मान्य करता येत नाही.

म्हणून माझी विनंती कारखान्यांच्या शेती विभागांना आणि संचालक मंडळांना आहे. प्रत्येक ट्रॉली काट्यावर दोनदा उभी राहते, एकदा भरलेली आणि एकदा रिकामी. रिकाम्या वजनाच्या वेळी एका माणसाने ब्रेक दाबावा, दुसऱ्याने मागे जाऊन शेवटच्या ट्रॉलीचे दिवे पाहावेत, आणि ते लागत नसतील तर पुढच्या खेपेची चिठ्ठी देऊ नये. दिवे दुरुस्त करणारा वायरमन हंगामभर, रात्रपाळीलाही, काट्याजवळच बसवावा आणि बल्ब, तार व होल्डर यांचा खर्च कारखान्याने सोसावा. साखरेच्या एका पोत्याच्या किमतीत पुष्कळ ट्रॉल्यांचे दिवे लागतील.