लोकप्रियतेचा अधिकार

लोकांना जे आवडते तेच त्यांना द्यावे, हा न्याय वरवर पाहता निर्दोष वाटतो. भारताच्या पुरुष क्रिकेट संघाला चित्रवाणीवर मिळणाऱ्या अमर्याद स्थानाचे समर्थन याच न्यायाने केले जाते. सामना असेल तेव्हा सामना, नसेल तेव्हा जुन्या सामन्यांची उजळणी, आणि मधल्या वेळात खेळाडूंच्या दुखापतींची व विवाहांची वार्ता. कोट्यवधी लोक हे आनंदाने पाहतात, आणि १९८३ च्या विश्वविजयापासून त्या संघाने ही प्रीती स्वकष्टाने संपादन केली आहे, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु आवड आधी की दर्शन आधी, हा प्रश्न उरतोच. १९९० पासून २०१० पर्यंतच्या सहाही आशियाई स्पर्धांत भारताच्या पुरुष कबड्डी संघाने सुवर्णपदक जिंकले; तरी शहरी प्रेक्षक त्या खेळाविषयी उदासीनच होता. २०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली, रोज सायंकाळी हा खेळ घरोघरी दिसू लागला आणि तोच प्रेक्षक चढाई व पकड यांची चर्चा करू लागला. खेळ जुनाच होता. नवे होते ते दर्शन. तेव्हा ‘मागणी नाही’ हा शेरा मारणाऱ्याने, मागणी निर्माण होण्यास आपण वाव दिला होता काय, हेही स्वतःस विचारावे.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला, तो क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादातच. मालमत्ता सर्वांची असेल, तर बहुसंख्यांची आवड वाट्याचे प्रमाण ठरवू शकते. इतरांना वाटा असावा की नसावा, हे ठरविण्याचा अधिकार तिला नाही. परप्रांतात नोकरीनिमित्त राहणाऱ्या आपणां मराठी माणसांना तरी हा भेद समजावून सांगावा लागू नये. संख्येने थोडे असणे म्हणजे नसणे नव्हे.

आमच्या कुरुदपासून जवळच असलेल्या दुर्गची सबा अंजुम २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या महिला हॉकी संघात होती. पुढे ती भारताची कर्णधार झाली, २०१५ साली तिला पद्मश्री मिळाली. तिच्यामागून येणाऱ्या मुलींना तिचा खेळ किती वेळा पाहावयास मिळाला असेल? जे कधी दिसलेच नाही, त्याची आकांक्षा मनात धरणे फार थोड्यांना साधते.

बालोदजवळच्या तांदुळा जलाशयाचे पाणी भिलाईच्या पोलाद कारखान्यास मिळते आणि शेतांनाही. कारखान्याची तहान मोठी, म्हणून त्याचा वाटा मोठा. त्याबद्दल कोणी कुरकुर करू नये. मात्र कालव्याच्या टोकाच्या शेतापर्यंत पाणी पोचले की नाही, हे पाहणे पाणी सोडणाऱ्याचे कर्तव्य आहे. त्या शेतकऱ्याचा आवाज क्षीण आहे, एवढ्याने ते कर्तव्य सुटत नाही.