विहीर कोणाची, घाम कोणाचा

नोव्हेंबर 1927. अंबादेवीचे मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून अमरावतीत परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पुढाकार होता पंजाबराव देशमुखांचा. पंजाबरावांना ते मंदिर कधीच बंद नव्हते. पापळच्या शेतकरी घरातला, विलायतेतून डॉक्टरेट घेऊन आलेला, तिशीही न गाठलेला हा तरुण वकिलीत सुखाने रमला असता. त्याने आपल्याच लोकांचा रोष पत्करला. पुढच्या वर्षी जिल्हा कौन्सिलचा अध्यक्ष होताच त्याने सार्वजनिक विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. ज्याच्या हाती विहीर होती, त्याने तिच्यावरची मक्तेदारी सोडली. माझ्या लेखी सहकार्य ते हे. एका पंगतीत बसून फोटो काढणे त्यामानाने फार सोपे.

2016 साली पानी फाउंडेशनच्या वॉटर कप या जलसंधारण स्पर्धेत पहिल्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातला वरुड तालुका उतरला. भर उन्हात गावेच्या गावे श्रमदानाने समतल चर खणायला निघाली. एरवी एकमेकांच्या ओट्यावर न बसणारी माणसे एका चरात उभी राहिली. ते दृश्य खरे होते आणि त्याचे मोल मी कमी करणार नाही. पण वरुड हा संत्र्याचा मुलूख. चरातले पाणी जमिनीत मुरते आणि वर येते ते बागायतदाराच्या विहिरीत, बोअरमध्ये. घाम भूमिहीन मजुराचाही गळाला. त्याच्या वाट्याला फार तर मजुरीचे चार दिवस वाढून आले. 1928 मध्ये सबळाने सोडले होते, इथे दुबळ्याने दिले. दोन्हींना सहकार्य हे एकच नाव देऊन मोकळे होणे मला पटत नाही.

याच जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर आहे. गावाला 2012 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. खोज संस्थेच्या साथीने लोकांनी उजाड रान राखले, झाडे लावली, सीताफळे बाजारात नेली. तिथे रान राखण्याचा आणि त्याचे उत्पन्न घेण्याचा हक्क ग्रामसभेकडे आहे, म्हणून ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही तोही फळाच्या हिशेबाला बसतो. अकोला-अमरावतीच्या गावागावांत उद्या पुन्हा श्रमदान ठरेल, ठरलेच पाहिजे. मात्र कुदळ उचलण्याआधी ग्रामसभेत भूमिहीनाने विचारावे आणि सातबारावाल्याने उत्तर द्यावे: तळ्यातली मासळी कोणाची, बांधावरचा चारा कोणाचा, पाणी वाढल्यावर मजुरीचा दर किती?